गुणाजीचं घरदार

एका गावात एक भोळा गृहस्थ होता आणि तो भोळा आहे हे त्याच्याखेरीज सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याचं नाव गुणाजी. डोंगराच्या उतारावर त्याचं छोटंसं कौलारू घर होतं. दोन खोल्या, पुढं ओटी, ओटीवर चढलेला भोपळ्याचा वेल. घरात बुंदी नावाची ठिपक्याठिपक्यांची मांजर होती आणि अंगणात ठोंब्या नावाचा कुत्रा. ठोंब्या कुणावर भुंकत नसे. ओळखीच्यांवर कशाला भुंकायचं, आणि अनोळखी माणसाची आपली ओळख तरी कुठं, असा त्याचा विचार असावा.

त्या वर्षी वैशाखात गुणाजीचं लग्न झालं आणि हौसा त्या घरात आली.

हौसा थोडं बोलायची. एका शब्दात भागत असेल तर दुसरा खर्च करायची नाही. गुणाजी ऐकलेला शब्द जसाच्या तसा करायचा. दोघांचं छान जमलं असतं, पण मराठी भाषा मध्ये आली.

लग्नात हौसाच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, कानावर कुणीतरी घातलं होतं की नवरा मुलगा जरा सरळच आहे. आबा निघताना हौसाला बाजूला घेऊन म्हणाले होते, "दिवाळीला न्यायला येईन, तेव्हा घर बघेन. ठाकठीक दिसलं तर भाऊबीज झाली की आणून सोडेन. नाही दिसलं तर राहशील आमच्याकडंच. मग पुढचं पुढं."

तेव्हा हौसाला ते बरंच वाटलं होतं. पण बघता बघता आश्विन आला. सकाळी दरीतून धुकं वर यायचं आणि ओटीच्या पायरीशी थांबायचं. कोवळं ऊन पडलं की बुंदी चुलीवरच्या कोमट कौलावर जाऊन झोपायची. हौसा चहाचा कप घेऊन ओटीवर बसायची, शेजारी गुणाजी बसायचा, पायाशी ठोंब्या, आणि तिघंही काही बोलायची नाहीत. इतकी शांत माणसं हौसाला माहेरी कधी भेटली नव्हती. हे घर आता आपल्याला सोडवणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं. आता ते आबांना ठाकठीक दिसायला हवं होतं.

दसऱ्याच्या दिवशी हौसानं देवापुढं नारळ ठेवला आणि म्हणाली, "अहो, नारळ वाढवा."

गुणाजी नारळ घेऊन गेला तो गेलाच. हौसा खोबऱ्याची वाट बघून बघून परसात आली. गुणाजी एका खड्ड्याला पाणी घालत होता.

"नारळ कुठाय?"

"वाढवतोय," गुणाजी म्हणाला. "सहा-सात वर्षं लागतील."

हौसानं नारळ उकरून काढला. "अहो, फोडायचा होता. देवापुढं 'फोडा' म्हणू नये, म्हणून 'वाढवा' म्हणतात."

"म्हणजे वाढणं म्हणजे फुटणं."

"हो."

"मग तसं आधी सांगायचं," गुणाजी म्हणाला आणि अंगणात जाऊन ठोंब्याला तीनदा सांगून आला. नवीन काही कळलं की तो ठोंब्याला सांगायचा, म्हणजे विसरायला होत नसे.

चार दिवसांनी हौसा ओटीवर उभी राहून वर बघत होती. वेल कौलांवर गेला होता आणि तिथं एक भोपळा बसला होता, बुंदीएवढा. आबांना भोपळ्याचे घारगे फार आवडत.

"आबा येईपर्यंत तो भोपळा वाढला पाहिजे," ती म्हणाली आणि पाण्याला गेली.

परत आली तर चुलीवर उजेड पडला होता. वर कौलांना परातीएवढं भोक होतं, खाली चुलीपाशी भोपळा सांडला होता, आणि भोकातून गुणाजी खाली बघत होता.

"वाढला," तो वरून म्हणाला. "घट्ट होता. मुसळ आणावं लागलं."

हौसानं चुलीपाशी पडलेली कौलं बाजूला सारली. मग म्हणाली, "वाढणं म्हणजे जास्त होणं. होतं त्याहून मोठं होणं."

"मग नारळ?"

"नारळाचं सोडा."

"मग तसं आधी सांगायचं." गुणाजी शिडीवरून उतरला आणि ठोंब्याकडं गेला. भोकातून ऊन आत आलं. बुंदीला आता कौलावर चढायची गरज राहिली नाही, ती चुलीपाशीच उन्हात पसरली.

दुसऱ्या दिवशी बुंदी सकाळपासून पायात घोटाळत होती. हौसाचे हात शेणानं भरलेले. ती म्हणाली, "अहो, बुंदीला दूध वाढा."

वाढणं म्हणजे जास्त होणं. गुणाजीनं दुधाच्या पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं. दूध वाढलं. आणखी एक तांब्या ओतला. आणखी वाढलं. मग ते पांढरट पाणी बुंदीपुढं ठेवलं, ते तिनं हुंगलं आणि गुणाजीकडं अशा नजरेनं पाहिलं की हौसाला हसू दाबायला तोंड फिरवावं लागलं.

"वाढणं म्हणजे ताटलीत घालणं हो," ती म्हणाली. "जेवायची वेळ असली की वाढणं म्हणजे ताटात घालणं. एवढंच ध्यानात ठेवा."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग तसं आधी सांगायचं."

दिवाळी आठवड्यावर आली. गोधड्या धुवायच्या होत्या. हौसानं डोक्यावर गाठोडं घेतलं, उंबऱ्यातून म्हणाली, "येते हं," आणि ओढ्याकडं गेली.

दुपारी ती परत आली तर गुणाजी उंबऱ्याशीच बसलेला.

"जेवला नाहीत?"

"तू येते म्हणालीस. आणि चालत गेलीस पलीकडं. मला वाटलं, रस्ता चुकलीस."

हौसा शेजारी टेकली. "घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. वाईट दिसतं. म्हणून 'येते' म्हणतात."

"म्हणजे येते म्हणजे जाते."

"हो. आणि कुणी 'येतो' म्हणालं की त्याच्या हातावर दही घालावं. लांबचा असला तर पिशवी घेऊन एसटीपर्यंत पोचवावं."

गुणाजी ठोंब्याकडं गेला. त्या दिवशी ठोंब्याला चारदा ऐकावं लागलं.

गुरुवारी सकाळी हौसा उरलेल्या गोधड्या घेऊन ओढ्यावर गेली होती. आबा पहिल्या गाडीतून उतरले. धोतर, कोट, हातात कापडी पिशवी. अंगणाच्या कडेला उभे राहून त्यांनी घर न्याहाळलं. अंगण सारवलेलं, दारात झेंडू, कुत्रा शांत. आबांना बरं वाटलं. त्यांनी हाक दिली.

"काय जावईबापू, येऊ का?"

गुणाजी बाहेर आला. येऊ म्हणजे जाऊ. "एवढ्यात?" तो म्हणाला. पण अडवणं बरं दिसलं नसतं. तो आत गेला आणि आबांच्या तळव्यावर चमचाभर दही घातलं. उन्हातून आलेल्या माणसाला दही, आबांना ही रीत आवडली. मग गुणाजीनं त्यांची पिशवी उचलली.

"चला, पोचवतो."

आबांना वाटलं, हौसा शेतावर असेल, तिकडं नेतोय. फाट्यावर आले. गाडी वळून उभीच होती. गुणाजीनं पिशवी आत ठेवली, आबांना खिडकीची जागा दिली आणि म्हणाला, "परत या." आबांना काय चाललंय ते कळेपर्यंत कंडक्टरनं घंटी मारली होती.

हौसा ओढ्यावरून आली.

"आबा आले का?"

"आले," गुणाजी म्हणाला. "एसटीत बसवून आलो."

हौसानं ओल्या गोधड्या खाली ठेवल्या. मग तिनं त्याला सावकाश सांगितलं, "बाहेर उभा राहून कुणी 'येतो' म्हणालं तर तो खरंच येतो. उंबऱ्याच्या आतून म्हणालं तर जातो."

"मग तसं आधी सांगायचं."

आबा पुढच्या थांब्यावर उतरून पाच मैल चालत परत आले, तेव्हा जेवायची वेळ झाली होती. ओटीवर बसून धोतरावरची कुसळं एकेक करून काढत राहिले. घरात आले, वर बघितलं.

"छपराला हे काय?"

"भोपळा वाढला," गुणाजीनं सांगितलं.

हौसा चुलीपाशी घाईत होती. अजून सगळं हातचं गेलं नव्हतं. वांग्याचं भरीत होतं, नव्या तांदळाचा भात होता, शेजारणीकडून आणलेल्या भोपळ्याचे घारगे होते. चार घास पोटात गेले की आबा निवळतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. कढईतले घारगे उलटताना ती मागं न बघता म्हणाली, "अहो, आबांना वाढा."

जेवायची वेळ होती. वाढणं म्हणजे ताटात घालणं.

गुणाजीनं आबांना खालीवर पाहिलं आणि मोठी परात काढली. आबांपुढं ठेवून म्हणाला, "यात या."

पाय धुवायचे असतील, आबांना वाटलं. उशिरा का होईना, जावयाला रीत सुचली. ते परातीत उभे राहिले.

"बसा."

"बसू?"

"उभ्यानं कसं वाढणार?"

आबा बसले. गुणाजीनं त्यांच्या डाव्या बाजूला मीठ ठेवलं, लिंबाची फोड ठेवली, चटणी ठेवली. एक पाऊल मागं जाऊन पाहिलं. काहीतरी राहिलं होतं. मग त्याला आठवलं आणि त्यानं आबांच्या डोक्यावर तुपाची धार सोडली.

हौसा घारगे घेऊन वळली. परातीत आबा होते. खांद्यावर बुंदी होती आणि त्यांचा कान चाटत होती.

"हौसे," आबा अगदी शांतपणे म्हणाले, "गाठोडं बांध. उद्याच्या पहिल्या गाडीनं निघायचं. संक्रांतीपर्यंत तू तिकडंच. त्यानंतरचं मी अजून ठरवलेलं नाही."

घारगे मात्र त्यांनी सहा खाल्ले.

सकाळी धुकं पायरीपर्यंत आलं होतं. आबा अंगणात जाऊन उभे राहिले. हौसा उंबऱ्याच्या आत थांबली.

"येते," ती म्हणाली.

"म्हणजे जातेस," गुणाजी म्हणाला. त्यानं तिच्या तळव्यावर दही घातलं. थोडं दही सांडलं, ते ठोंब्यानं चाटलं. "मग परत कधी जाशील?"

"लवकर जाईन," हौसा म्हणाली.

"काय बोलताय तुम्ही दोघं?" आबा अंगणातून म्हणाले.

हौसा बाहेर आली. कौलांकडं, वेलाकडं, झेंडूकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "आबा, जावयाचा पहिला सण. आमंत्रण द्यायचं राहिलं."

आबांनी काढा प्यायल्यासारखं तोंड केलं. "या पाडव्याला."

"असं तुटक नाही म्हणत. 'घरदार घेऊन या' म्हणावं. रीत असते."

"घरदार घेऊन या," आबा म्हणाले. आणि ते बाहेर उभे होते, त्यामुळे गुणाजीला शंका राहिली नाही.

पाडव्याला आबांच्या अंगणात रांगोळी होती, पाट मांडले होते. गुणाजी गाडी चुकवेल, अशी आबांना आशा होती. हौसा सकाळपासून तीनदा वेशीपर्यंत जाऊन आली होती. चौथ्यांदा जायची वेळ आली नाही. गल्लीतून एक दार चालत येत होतं.

चौकटीसकट होतं. खाली दोन पाय होते. वर टोपलीत बुंदी होती, मागं ठोंब्या होता. दार अंगणात आलं, रांगोळीच्या कडेला उभं राहिलं आणि त्याच्यामागून गुणाजी निघाला. घामानं न्हालेला.

"आबा, माफ करा," तो म्हणाला. "घर आणणार होतो. दोन दिवस ढकललं, हललं नाही. दार मात्र आणलंय. एसटीत घेईनात, म्हणून चालत आलो."

आबा पाटावर बसले. त्यांनी विचारलं, "अहो, घर उघडं टाकून आलात?"

"उघडं कसं टाकीन?" गुणाजीला जरा वाईटच वाटलं. त्यानं दाराकडं बोट केलं. कडी घातलेली होती आणि कडीला कुलूप होतं. "ओढूनसुद्धा बघितलंय."

आबांनी कुलूप पाहिलं. मग डोळे मिटले.

"हौसे," ते म्हणाले, "त्या घरात आता वारा, गुरं, ढोरं, कोणीही शिरेल. फराळ बांध आणि आजच्या आज नीघ. हा माणूस एकटा ठेवण्यातला नाही. संक्रांतीचं मी बोललोच नव्हतो असं समज."

हौसा आतून गाठोडं घेऊन आली. फराळाचा डबासुद्धा त्यातच होता.

"हे कधी बांधलंस?" आबांनी विचारलं.

"काल," हौसा म्हणाली. एका शब्दात भागत होतं.

आबा तिच्याकडं बघत राहिले. घरदार हा शब्द आपल्या तोंडात कुणी घातला, ते त्यांना आत्ता आठवलं.

तोवर गुणाजीनं कंबरेची किल्ली काढून कुलूप उघडलं होतं, कडी काढली होती आणि रांगोळीत उभ्या असलेल्या दाराचं एक कवाड लोटून तो अदबीनं बाजूला झाला होता. हौसानं लुगडं सावरलं, उंबरा ओलांडला आणि पलीकडं गेली. तिच्यामागून ठोंब्या गेला. बुंदी टोपलीतून उतरून सावकाश गेली. शेवटी गुणाजी गेला, त्यानं दार ओढून घेतलं, आतून कडी घातली आणि दोनदा ओढून पाहिलं.

"आबा," तो दारापलीकडून ओरडून म्हणाला, "आम्ही सगळे सुखरूप घरी पोचलो हो."