कोटीवं अंडं

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पाषाणमाळ साम्राज्यात सामील झाला. माळावर त्या वेळी फक्त सगुणा टिटवी होती, आणि ती आपल्या चार अंड्यांवर बसली होती.

साम्राज्य वाघमहाराजांचं. नियम सोपा होता. महाराजांची डरकाळी ऐकू येईल तिथवर राज्य, आणि ती ऐकेल तो प्रजाजन. महाराज आता थकले होते. डरकाळी गुहेच्या तोंडाशीच विरून जाई. म्हणून टेकडीटेकडीवर कोल्हे नेमले होते. एकाने ओरडायचं, पुढच्याने ते पुढे न्यायचं. अशा रीतीने बारा जंगलं, सात नद्या आणि एक अख्खा समुद्रकिनारा राज्यात आला होता. या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही, असं दरबारात सांगत. मावळायला परवानगी लागे.

शिरगणतीचा शिरस्तेदार कोल्हा माळावर आला, तेव्हा सगुणाने टिटव्यांच्या रीतीप्रमाणे एक पंख मोडल्यासारखा लोंबता ठेवला आणि लंगडत, ओरडत ती त्याला अंड्यांपासून लांब नेऊ लागली. शिरस्तेदाराने लिहून घेतलं, ‘नव्या प्रजेने नाचून स्वागत केले.’ मग तो सरळ अंड्यांकडे गेला.

“घाबरू नका, बाई. सरकारी नोकरीत आम्ही अंडी खात नाही. मोजतो.”

महाराजांच्या राज्यारोहणाच्या वर्धापनदिन सोहळ्याला एक कोटी प्रजा हवी होती आणि पाच डोकी कमी पडत होती.

“साहेब, यांना अजून कान नाहीत,” सगुणा म्हणाली. “डरकाळी ऐकली कुणी?”

“विरोध तरी कुणी केला?”

चौथं अंडं कोटीवं ठरलं. दरबारात प्रधान रानडुकराने भाषण केलं. साम्राज्य शेवटच्या अंड्यापर्यंत पोचलं आहे, असं तो म्हणाला, आणि टाळ्या थांबेपर्यंत थांबला. मग त्याने सन्मान जाहीर केला : दोनशे हत्ती पाषाणमाळावर जाऊन कोटीव्या प्रजाजनाला मानवंदना देतील.

सगुणा तीन दिवस उडत राजधानीला गेली. तोवर अंडी तिच्या नवऱ्याने उबवली. मानवंदना नदीच्या वाळवंटात घ्यावी, अशी तिची विनंती होती. प्रधानाने अंडीच तिकडे हलवायला सांगितलं. टिटवीला अंडी उचलता येत नाहीत, हे तिने समजावलं. मग निदान नाव तरी कमी करा, असं ती म्हणाली. कोटीचे फलक रंगवून झाले होते.

“अहो, ती दगडांसारखीच दिसतात,” सगुणा म्हणाली. “हत्तींना कळणारसुद्धा नाही.”

“प्रजा आणि भूमी इतकी एकरूप!” प्रधानाचे डोळे भरून आले. हे वाक्य त्याने भाषणात घ्यायला सांगितलं.

आज दुपारी चारपर्यंत हाती आलेल्या माहितीनुसार हत्तींनी शेवटची नदी ओलांडली आहे. सोंड किती उंच धरायची, हे आदेशात स्पष्ट दिलं आहे. पाय कुठे ठेवायचा, याबाबतचं कलम विचाराधीन आहे.