हातठेव

एका राज्यात, ज्याचं नाव सांगायला तिथली माणसं आजही लाजतात, सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. तिथं एक रीत होती. मुलीचं लग्न ठरलं, की माहेरी शिकलेल्या कामाचं अवजार तिनं राजाच्या तळघरात ठेवायचं आणि रिकाम्या हातांनी सासरी जायचं. कुंभाराच्या लेकीची थापटी, वैद्याच्या लेकीचा खल, कोष्ट्याच्या लेकीचा धोटा. या रीतीला हातठेव म्हणत. सून बसून खाते ते घर मोठं, अशी तिथली समजूत! तळघर भरत गेलं आणि राजा मिशीला पीळ देत राहिला.

एकदा एका वैद्यकन्येचं तान्हं मूल तापानं फणफणलं. औषध तिला ठाऊक होतं. पण खल तळघरात, आणि सासरा कुटू देईना. मूल गेलं. ती डोंगरावर गेली, जोगीण झाली, विद्या शिकली आणि शाप बोलली, "ज्या राज्यानं अर्धे हात झाकले, त्या राज्यात घडेल ते अर्धंच घडो!"

त्या दिवसापासून भाकरी एकाच बाजूनं भाजू लागली. मडकं अर्धं घडे, नाव अर्धी होई आणि बुडे. नदीवरचा जुना पूल मधोमध तुटला. नवा बांधावा तर अर्ध्या नदीतच संपे. माणसं या तीरावर, शेतं त्या तीरावर. तिकडं पीक उभं डोलत होतं, आणि इकडं पोरं भुकेनं रडत होती.

राजा डोंगरावर गेला. जोगिणीच्या खांद्यावर खंड्या पक्षी बसला होता.

"माते, उःशाप दे."

"तीन कामं कर. तुझ्या राज्यात घडलेली एक अखंड वस्तू आण. मग तळघर रिकामं कर. मग तुला जे ठाऊक आहे, ते भरदरबारात बोल. खंड्या तुझ्यासोबत येईल."

राजा दारोदार फिरला. गावाबाहेर एका कुंभाराच्या घराच्या खिडकीतून त्याला अखंड घट दिसला. दार लोटलं, तर कुंभार चाक फिरवीत होता आणि कुंभारीण घट थापीत होती. राजाला पाहताच दोघं त्याच्या पायांवर पडली.

"अपराध पोटात घाला, महाराज! पोरं उपाशी होती म्हणून हिचा हात लावला."

आपल्या राज्यात माणसं कष्ट चोरून करतात, हे राजानं प्रथमच पाहिलं. त्याला त्यांच्या डोळ्यांत पाहवेना. "उठा," एवढंच तो बोलला. घट घेऊन तो डोंगरावर पोचता झाला.

मग त्यानं तळघर उघडलं आणि दवंडी पिटली. पण सवय कुठली सुटायला! दरबारात पुरुष रांगेनं उभे राहिले, आणि राजानं एकेकाचं नाव घेऊन बायकांची अवजारं नवऱ्यांच्या हाती दिली. त्यांनी ती कौतुकानं खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी भाकरी पाव भाजली.

खंड्या म्हणाला, "राजा, थापटी कुणाची, आणि दिलीस कुणाला?"

राजाचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा दवंडी पिटली, या वेळी बायकांना बोलावलं, आणि सिंहासनावरून उतरून एकेकीच्या हाती तिचं तिचं अवजार ठेवलं. सांजेपर्यंत गावातून खलांचा आणि मागांचा आवाज येऊ लागला. भाकरी दोन्ही बाजूंनी भाजली. आजारी पोरं उठून बसली. जिथं एकाच्या कमाईवर दहा तोंडं होती, तिथं दोघांची कमाई आली. घरात बायकांचं मत विचारलं जाऊ लागलं, आणि बाजारात परमुलखाचे व्यापारी उतरले. पण पूल उभा राहीना, आणि कोठारातलं धान्य तळाला गेलं होतं.

खंड्या म्हणाला, "तळघर अजून रिकामं नाही."

खरंच नव्हतं. भिंत सरळ आहे का ते पाहायचा दोरीचा ओळंबा एका कोनाड्यात राजानं स्वतः दडवला होता. तो राणी वारुणीचा होता. ती स्थपतीची लेक.

राजा ओळंबा घेऊन दरबारात आला. त्यानं तो सगळ्यांसमोर धरला. मग तो बोलला, "जुना पूल माझ्या नावानं प्रसिद्ध आहे. तो राणीनं योजला होता. लग्नाआधी तिनं मला आराखडा दाखवला आणि मी तो माझा म्हणून मिरवला. ओळंबा तिच्या हाती गेला तर तुम्हाला कळेल, या भीतीनं मी तो लपवला. तुमची पोरं रडत होती, तरी लपवला. मला लाज वाटते."

 दरबारात खाली मान घातलेल्यांत राजा एकटा नव्हता.

राणीनं ओळंबा घेतला. "महाराज, पोरं भुकेली आहेत. आधी नदीवर चला."

बायकांनी दोर वळले, पुरुषांनी दगड वाहिले, राणीनं ओळंबा सोडला. पूल या तीरावरून निघाला तो त्या तीराला जाऊन टेकला. खंड्या उडून गेला. धान्याच्या गाड्या पुलावरून येऊ लागल्या, तेव्हा राजा हळूच म्हणाला, "राणी, मला क्षमा आहे?"

"शाप उतरला, महाराज. क्षमेचं मी अजून ठरवलेलं नाही," राणी म्हणाली आणि पुढची गाडी पाहायला वळली.

घरोघरी चुली पेटल्या, राज्य पुरं झालं, सांगणाराची गोष्टही पुरी झाली. राजा गाड्यांना मागून हात लावीत चालला होता. त्याची मान पुढं पुष्कळ दिवस वर झाली नाही, आणि तेच बरं झालं.