स्मारो परीवर थुंकली

निळ्या निळ्या भूमध्य समुद्रात भाकरीच्या तुकड्याएवढं एक बेट होतं. नकाशात शोधू नका, उगाच नाकाला शाई लागेल. तिथं स्मारो नावाची इवलीशी पोर राहायची. आई नाही, पायात चप्पल नाही, होता फक्त बाबा. तिकडेही बापाला बाबाच म्हणतात बरं! तो बुडी मारून समुद्राच्या तळाचे मऊ मऊ स्पंज काढायचा. ते विकले तर चूल पेटायची, नाहीतर दोघांनी पाणी पिऊन ढेकर द्यायचा.

एका दुपारी धुकं उतरलं. पांढरं, दाट, गोधडीसारखं. बाबाची होडी बाहेर, आणि किनाऱ्यापुढे काळे काळे खडक, राक्षसाच्या सुळ्यांसारखे! वाट चुकली की होडीचा चुरा.

स्मारो पळत सुटली. गुलाबी वाळूवर उभी राहून ओरडली, "बाबाऽऽ!" शुभ्र गोट्यांच्या खाडीत ओरडली. तिथं लाटा नुसत्या खुळखुळल्या. पुढच्या गावात म्हातारे कोळीआजोबा लिनार्डोस जाळं विणत होते.

"आजोबा, होडी काढा ना! बाबा अडकलाय!"

"या धुक्यात? पोरी, मला माझं नाक दिसेना, आणि माझं नाक काय लहान आहे?" मग ते हळूच म्हणाले, "अंजिराच्या झाडापलीकडे खाडीत परी बसते. पण सांभाळ! तिच्यापुढे तोंडातून पहिलं जे निघेल, तीच इच्छा. दुसरी मिळत नाही. माझी शिंक निघाली. तेव्हापासून शिंकतोच आहे. आऽऽक्छी!"

स्मारो ओठ घट्ट मिटून धावली. मनात एकच, बाबाला आण, बाबाला आण.

खाडीत खडकावर परी बसली होती. शिंपल्याच्या आतल्या रंगाचा झगा, केसांत मिठाचे चमचमते कण, चिमुकले पंख.

"बोल, सोनुले," परी म्हणाली.

स्मारोनं तोंड उघडलं. पण त्या बेटाची एक रीत होती. काही सुंदर दिसलं की आधी हलकंसं थुंकायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. तान्ह्या बाळावर थुंकायचं, नवरीवर थुंकायचं, गोंडस कोकरावरसुद्धा. जिभेला सवयच ती!

"थू थू थू! दृष्ट न लागो गं तुला!"

झालं! धुक्यात लाकूड खडकाला घासलं. कर्रर्र!

स्मारोनं तोंडावर हात मारला. "गेली माझी इच्छा! आता बाबा..."

परीचे डोळे भरून आले. "वेडाबाई, इतके जण आले आणि फक्त मागून गेले. त्यांच्या हावऱ्या नजरा लागून माझे पंख जड झाले, मी इथंच खिळले. माझ्यासाठी मागणारी तू पहिलीच." तिचे पंख फर्रकन उघडले. "आता मी मोकळी. आणि मोकळ्या परीला कसले गं नियम?"

ती धुक्यात झेपावली. सोनेरी झाली, गुलाबी झाली, लखलखली! धुकं लोण्यासारखं वितळलं, खडकांमधून उजेडाची वाट पडली, आणि तिच्यावरून डुलत डुलत होडी आली. एक फळी मोडलेली, पण बाबा अख्खा, आणि होडी स्पंजांनी गच्च! मागे परी इतकी उजळली, इतकी उजळली, की नुसता उजेडच उरला. मग तोही मावळला.

स्मारो बाबाच्या गळ्यात पडली.

"अगं, तो दिवा माझ्यापुढे चालत होता, आणि हसत होता! कसा लावलास?"

"मी थुंकले," स्मारो म्हणाली.

परी गेली उजेडात, बापलेक गेली घरात, आता तुम्ही पांघरुणात!