उद्याची एक चूक

“...पण मॅडम, परीक्षक विमानात बसले की बोलत का नाहीत?”

कॅप्टन सुलभा मिराशी विमानं ठेवायच्या हँगरच्या पायरीवर बसून चहा पीत होत्या. केस काळे होते तेव्हापासून त्या या धावपट्टीवर मुलांना विमान शिकवत आल्या होत्या.

“बोलून काय करतील?”

“निदान कळेल तरी, बरोबर चाललंय की नाही ते.”

“कुणाला कळेल?”

समोर उभा असलेला तन्वीर मुजावर बुटाने माती उकरू लागला.

तो मिरजेचा. लेखी परीक्षांत सगळ्यांच्या वर आलेला. वसतिगृहातल्या मुलांचं काही अडलं, की ती पुस्तक न उघडता त्याच्याकडे जात. त्यालाही ते आवडे.

आणि हाच तन्वीर गेल्या महिन्यात उड्डाणाच्या परीक्षेत नापास झाला होता.

एका तिरक्या वळणात त्याची उंची थोडी घसरली होती. थोडीच. परीक्षकांना कळायच्या आत ती गुपचूप भरून काढावी, म्हणून त्याने विमानाचं नाक हळूहळू वर ओढलं. डोळे मात्र परीक्षकांच्या चेहऱ्यावर. वेग कमी होत गेला तो त्याला दिसलाच नाही. धोक्याची शिट्टी वाजली, आणि शेजारून एक हात आला.

“कंट्रोल माझ्याकडे,” परीक्षक म्हणाले होते. तिथेच परीक्षा संपली.

घरी त्याने सांगितलं, परीक्षा पुढे ढकलली.

ती आता उद्या सकाळी होती.

“मॅडम, उद्या काही चुकलं तर?”

“चुकेलच.”

...

“कोणती चूक करणार आहेस?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे?”

“उद्याची. काही विचार केला असशील ना.”

तन्वीरला हे लागलं. “कुठलीच नाही, मॅडम. मी सगळं घोटून ठेवलंय. इंजिन बंद पडलं तर काय, रेडिओ गेला तर काय, झोपेतून उठवून विचारा.”

“मग मी तुझ्या शिफारशीवर सही करणार नाही.”

त्याला वाटलं, त्या गंमत करताहेत. चेहऱ्यावर तसं काही दिसेना. ही सही नसेल तर परीक्षक त्याला विमानाजवळही येऊ देणार नव्हते.

“मॅडम, मी परत पाठवण्याइतका वाईट उडवतो का?”

“नाही. चांगला उडवतोस.” त्या उठल्या. “चल. ऊन उतरायच्या आत एक फेरी मारू.”

विमान वर गेलं. खाली उसाचे हिरवे तुकडे, मधून जाणारा कालवा. तन्वीरचे हात सराईत होते. उंचीचा काटा जागचा हलत नव्हता.

“आता उंची सोड,” बाई म्हणाल्या.

“कशासाठी?”

“थोडं खाली ये. मग मला सांग, माझी उंची गेली.”

त्याने कंट्रोलवरचा हात घट्ट केला. पुढे मात्र ढकलवेना. सोपं काम होतं. लहान मुलानेही केलं असतं. तरी त्याचा हात काही हलला नाही.

“मुद्दाम कशाला चुकायचं, मॅडम?”

“दे इकडे.”

बाईंनी विमान हातात घेतलं आणि एक रुंद वळण घेतलं. काटा खाली घसरला.

“माझी उंची गेली. परत घेते,” त्या म्हणाल्या. पंगतीत मीठ मागावं, तसा आवाज. काटा जागेवर आला.

मग दुसऱ्या बाजूचं वळण. काटा पुन्हा घसरला.

“पुन्हा गेली. परत घेते.”

तोच आवाज.

तन्वीरला हसू आलं. “मॅडम, मुद्दाम केलेली चूक अशी शांतपणे सांगता येते.”

“पहिली मुद्दाम केली होती.”

...

तन्वीरने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या बाहेर पाहत होत्या. त्याने दोन्ही वळणं मनात पुन्हा घेऊन पाहिली. तोच स्वर, तोच हात, तेच शब्द. दोन्हींतला फरक काही सापडेना.

“आणि दुसरी...”

“कंट्रोल तुझ्याकडे,” बाई म्हणाल्या.

तो परत धावपट्टीकडे वळला. डोकं अजून त्या दुसऱ्या वळणातच अडकलं होतं. धावपट्टी समोर आली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण फार उंच आलोय.

उतरणं सोडून पुन्हा फिरून यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. निदान तो तशी येऊ देत नसे. कसंही करून विमान टेकवायचंच. आज तर हँगरपाशी चारपाच मुलं उभी राहून बघत होती. विमानाचं नाक खाली दाबलं तर अजूनही उतरता आलं असतं. कदाचित.

त्याने नजर बाईंच्या चेहऱ्याकडे नेली. तिथे काहीच नव्हतं.

“मी...” आवाज चिरकला. “मी उंच आलोय. पुन्हा फिरून येतो.”

त्याने इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, थ्रॉटल, पूर्ण पुढे केला. खालची मुलं लहान होत गेली. बाईंनी पर्समधून बडीशेप काढून तोंडात टाकली.

दुसऱ्या वेळी तो उतरला. चाकं जरा आपटलीच.

खाली आल्यावर बाईंनी शिफारशीवर सही केली.

त्या संध्याकाळी तन्वीरने घरी फोन लावला.

“अब्बा, गेल्या महिन्यात परीक्षा पुढे गेली नव्हती. मी नापास झालो होतो.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

“उद्या परत आहे,” तो म्हणाला.

“जेवलास का?” अब्बांनी विचारलं.

सकाळी धुकं होतं. धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नव्हतं. परीक्षक खोलीत बसून पेपर वाचत होते, आणि तन्वीर विमानाभोवती चकरा मारत होता. इंधन पाहिलं. पुन्हा पाहिलं. धुकं उठूच नये असं त्याला वाटे, आणि लगेच ते एकदाचं उठावं असंही वाटे.

ऊन आलं आणि धुकं विरलं. परीक्षक शेजारी येऊन बसले. पट्टा बांधला. बोलले नाहीत.

तिरकी वळणं नीट झाली. मग परीक्षकांनी हात पुढे करून थ्रॉटल मागे ओढला.

“इंजिन गेलं असं धरा,” एवढंच ते म्हणाले.

आता जमिनीवर एक मोकळी जागा निवडायची आणि विमान तरंगत तिथवर न्यायचं. तन्वीरने डावीकडचं लांब रान निवडलं. तसं सांगितलं. वळला. जमीन वर येऊ लागली, आणि त्या रानाच्या मधोमध त्याला विजेचे खांब दिसले.

खांबांवरून तारा आडव्या गेल्या होत्या.

परीक्षकांना दिसले असतील? नसतीलही. ते दुसऱ्या बाजूला बसले होते. थोडं पुढे रेटलं तर तारा मागे पडतील... कदाचित...



“सर, माझी निवड चुकली. मधे तारा आहेत. उजवीकडचं नांगरलेलं शेत घेतो.”

आवाज मीठ मागितल्यासारखा नव्हता. चांगलाच थरथरत होता. हात मात्र तेवढ्यात उजवीकडे वळले होते. नांगरलेलं शेत बरोबर समोर आलं.

परीक्षकांनी खिडकीतून खाली पाहिलं.

“पुरे. वर चला,” ते म्हणाले.

दुपारी निकाल कळला. तन्वीर पास झाला होता.

तो जवळजवळ पळतच हँगरकडे आला. मिराशीबाई इंजिनाचं झाकण उघडून आत पाहत होत्या. त्याने वाकून नमस्कार केला आणि सगळं भडाभडा सांगितलं. धुकं, खांब, तारा, आपला थरथरता आवाज. बाई ऐकत राहिल्या. मधे एकदा फडक्याला हात पुसले.

“घरी कळवलंस?”

“हो. अब्बांनी दोनदा विचारून घेतलं. रडत होते बहुतेक.”

बाईंनी मान हलवली.

बाहेर आभाळ निळंशार झालं होतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला लोंबत होती. इतका चांगला दिवस कित्येक आठवड्यांत आला नव्हता.

“मॅडम, एक विचारू? विमान मोकळंच आहे. संध्याकाळी एकटाच एक फेरी मारून येऊ?”

“आजच?”

“आज पहिल्यांदाच काही चुकेल अशी भीती मनात नाही, मॅडम. अगदी शांत वाटतंय.”

बाईंनी इंजिनाचं झाकण लावलं.

“मग आज नको,” त्या म्हणाल्या.