तिम्मव्वानं बुजवलेली विहीर

लई वर्षं झाली, कवठाळीत तेव्हा दोनच विहिरी होत्या. एक जुनी, उन्हाळ्यात तळ दाखवणारी. दुसरी तिम्मव्वा वडारणीनं खणलेली. पाणी लागलं तरी ती थांबली नाही, आणखी दोन पुरुष खोल गेली. ती विहीर कधी आटली नाही. तिम्मव्वाच्या पहारीला खडक भिऊन वाट देई, असं म्हणतात.

पुढं गावातली लेकरं वाकू लागली. चालताना गुडघ्याला गुडघा घासायचा, दातांवर तपकिरी पट्टे. देवऋषी म्हणाला, करणी आहे. बोट दाखवलं गिरजाकडं. ती विधवा, नि तिच्याच दोन पोरी तेवढ्या सरळ! पौर्णिमेला तिला गावाबाहेर काढायचं ठरलं.

हे कानावर आलं, नि दोन दिवसांनी म्हातारी तिम्मव्वा पारावर येऊन बसली, नि एकेका लेकराचं तोंड उघडून बघू लागली.

"काय गं म्हातारे, बैल घ्यायला आलीस का?" पाटील हसला.

"बैलाचे दात बघता, पाटील. पोटच्या लेकराचे बघितले का? पाणी कुठलं पिता?"

तपकिरी दातांची सगळी घरं नव्या विहिरीची निघाली. गिरजाला त्या विहिरीवर कुणी चढूच देत नव्हतं, म्हणून ती जुनीचं पीत होती!

तिम्मव्वा आपण खणलेल्या प्रत्येक विहिरीच्या तळाचा दगड जपून ठेवायची. तिनं पदरातून एक जांभळट दगड काढला.

"हा तुमच्या विहिरीचा. असाच आणखी दोन गावांत लागला होता. काल तिथं जाऊन आले. तिथलीही लेकरं वाकलीत. गिरजानं काही केलं नाही. केलं ते मी, खोल जाऊन हा दगड फोडला, नि त्याचं विष पाण्यात उतरलं. बुजवा ती विहीर."

कुणी हलेना. मग पहिला धोंडा तिनंच टाकला. मागून माळावरचे धोंडे आपसूक घरंगळत आले नि दिवस मावळायच्या आत विहीर भरली, असं म्हणतात. धोंडे चालताना मी पाहिले नाहीत. बुजलेली विहीर मात्र आहे, जाऊन बघा.

गिरजा गावातच राहिली. जुनी विहीर उपसली, रुंद केली, तीही मग आटली नाही. वाकलेली लेकरं सरळ झाली नाहीत, खोटं कशाला सांगू? पण त्यांच्या पाठची धावत सुटली, नि गावाचा जीव भांड्यात पडला.

आजही बोअर मारली की तळाचा दगड नि बाटलीभर पाणी तपासायला धाडल्याशिवाय आम्ही घोट घेत नाही. पहिली घागर गिरजाच्या घरची बाई भरते. नि गिरजाला काढायचं ठरलं होतं त्या पौर्णिमेला दरवर्षी गावची लेकरं बुजलेल्या विहिरीपुढं उभी राहून तिम्मव्वाला दात दाखवतात. पाहुण्यांना वाटतं, कार्टी वेडावतात.

वाटू द्या.