मिरी पळाली कुठं?

"…पण गुरुजी, आता मी करू तरी काय, ते सांगा!"

अच्युत मास्तर पडवीच्या पायरीवर बसला होता. तोंडावर मास्क, नाकावर राग. समोर खाटेवर मार्तंडगुरुजी. त्याला लहानपणी हाताला धरून शिकवलं ते यांनीच. कोरोनाचे दिवस, म्हणून दोघांच्या मधे अख्खी पडवी मोकळी सोडलेली.

शाळा बंद पडली तसा अच्युत फोनवरून चौथीला विज्ञान शिकवायला लागला. भारी हौशी गडी! ताटलीत पाणी घ्यायचं, वर मिरपूड भुरभुरायची, साबण लावलेलं बोट मधोमध टेकवायचं. मिरपूड सुसाट कडेला. "बघा पोरांनो, साबण लावला की विषाणू असे पळतात!" तो व्हिडिओ अख्ख्या तालुक्यात फिरला, आणि मास्तरचे पाय जमिनीला टेकेनात.

"आणि ती कस्तुरी?" गुरुजींनी विचारलं.

अच्युतचा चेहरा पडला. कस्तुरी म्हणजे त्याच्या वर्गाचा जीव. त्या मिरपुडीच्या खेळाच्या दिवसापासून पोरगी फोनवर यायचीच बंद झाली होती. तिच्याविना शिकवताना त्याला कसंसंच व्हायचं.

"तिनं सगळ्यांसमोर विचारलं गुरुजी. म्हणाली, सर, मिरी मेली कुठं? ती तर कडेला जाऊन बसलीय. मग विषाणूपण हाताच्या कडेला जाऊन बसतो का?"

"मग?"

"मी म्हटलं… उगाच फाटे फोडू नकोस."

गुरुजींनी भुवया उंचावल्या.

"विषाणू पळत नाही, गुरुजी. साबणानं त्याचं कवच फुटतं. मी नंतर वाचलं. पण आता कुठल्या तोंडानं सांगू तिला? मास्तर आहे मी तिचा!"

"खरंय बाबा… बरं, तो खेळ मला दाखव की."

ताटली आली, पाणी आलं, मिरपूड आली. गुरुजींनी स्वतःच साबणाचं बोट टेकवलं. मिरपूड भर्रकन पांगली.

"अरे वा रे वा!" म्हातारा लहान पोरासारखा खिदळला.

मग त्याच पाण्यावर त्यांनी आणखी मिरपूड भुरभुरली. पुन्हा बोट टेकवलं. थोडी मिरपूड बुडाली, बाकीची ढिम्म हलेना.

"आता का रे पळत नाही?"

अच्युत मान उंचावून ताटलीकडं बघायला लागला. हा खेळ दुसऱ्यांदा करून बघायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

"सांग की, मास्तर."

"माहीत नाही, गुरुजी." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

गुरुजींच्या डोळ्यांत माया दाटून आली. त्यांनी ताटली हळूच त्याच्याकडे सरकवली.

"मग माझ्या तोंडाकडं काय बघतोस, बाळा? जा, कस्तुरीला विचार."