दगड बुडाला का?

“…आणि तिच्या बापानं बोंब मारली तर?”

“मारतोय कसला! लेक आपल्या चुलीपुढं बसलीया.”

प्रश्न थोरल्या भाऊजींचा, पिराजींचा. उत्तर मामंजींचं. दोघं गोठ्यात होते, आणि गोठा नि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता एक कूड.

मी खरंच चुलीपुढं बसले होते. फुंकणी ओठाला लावली होती. फुंकायचं तेवढं राहून गेलं.

लग्न उन्हाळ्यात झालं, पण नांदायला येऊन बावीसच दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत मी या घरात ‘हो’, ‘नाही’ आणि ‘वाढू का’ यापलीकडे काही बोलले नव्हते. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, पोर गरीब आहे.

बोंब कशाची, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आमच्या भागात पाऊस पडत नाही. पडतो तो पश्चिमेच्या डोंगरावर. इथं कोरडं ऊन असतं आणि ओढ्याला एकदम गढूळ पूर येतो. तो दोन-तीन तासांचा पाहुणा. तेवढ्यात त्याला बांध घालून रानात वळवायचा, रान भिजवायचं, आणि त्या एका ओलीवर शाळू काढायचा. एवढीच शेती.

ओढ्यावर पाच रानं. पहिलं माझ्या सासरचं. मध्ये तिघांची. शेवटचं माझ्या आबांचं.

पहिल्याचा मान पहिला. पण प्रत्येक रानात पूर्वजांनी रोवलेला एक शेंदरी दगड आहे. पाणी दगडाच्या डोक्यावर गेलं की खालच्या अंगाची ताल, म्हणजे मातीचा उंच बांध, फोडून पुढच्याला पाणी द्यायचं. ताल त्या घरच्याच माणसानं फोडायची. परक्यानं तिला खोरं लावायचं नाही, जीव गेला तरी.

आणि पाणी वाटायचं काम ज्याला रान नाही त्याचं. ते मोतीगिर बाबांकडे होतं. ओढ्याकाठच्या मठीत राहणारा म्हातारा गोसावी. हातात एक काठी, तीच त्या कामाची खूण. पूर आला की बाबा तालीवर येऊन विचारायचे, “दगड बुडाला का?” घरातल्या कुणीही “बुडाला” म्हटलं, की तो शब्द मागं घेता येत नाही.

दोन साल पूर तोकडे आले होते आणि आबांच्या रानात पाणी पोचलं नव्हतं. यंदा नाही पोचलं तर आबा आईला घेऊन ऊसतोडीला जाणार होते. नांदायला धाडताना आईनं कानात सांगितलं होतं, दिवाळीला आलीस तर आधी निरोप धाड, दाराला कुलूप असेल.

त्या दिवशी उत्तरा नक्षत्रातला पूर आला. सगळे रानाकडे पळाले. आत्याबाईंनी माझ्या डोक्यावर भाकरीची पाटी ठेवली आणि म्हणाल्या, “जा. पण तिथं बायामाणसानं बोलायचं नसतं.”

मी ‘हो’ म्हणाले.

रानात पोचले तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर होतं. मामंजी तालीवर. भाऊजी तालीवर. ‘हे’ही तालीवरच उभे होते आणि तालीकडेच बघत होते. बाबा पाण्याच्या कडेला, काठीवर हनुवटी टेकून.

“दगड बुडाला का?” बाबांनी विचारलं.

“न्हाई, बाबा.” भाऊजी अदबीनं म्हणाले. “अजून एक वीत हाय.”

…

“पिराजी.”

“जी.”

“तू माझ्याकडं किती वर्षं शिकतोयस?”

“तीन.”

हे गावाला माहीत होतं. बाबांमागं काठी भाऊजींना हवी होती. रान नसलेल्यालाच ती मिळते, म्हणून त्यांनी सगळं रान धाकट्याच्या, म्हणजे यांच्या, नावावर करून टाकलं होतं. कागद झाला. नांगर मात्र अजून भाऊजीच धरत होते.

“तीन वर्षं!” बाबांनी कपाळाला हात लावला. “मग सांग, हा दगड गेल्या साली कुठं होता?”

“हितंच.”

“हितंच, पर किती खाली?”

“गाळात बुजला होता, बाबा. पूर गाळ आणतो. तुम्हीच शिकवलं, बुजलेला दगड चालत न्हाई. उन्हाळ्यात उकरायचा.”

“मग?”

“मग उकरला की. उकरला, आणि वर रोवला.”

बाबांनी डोळे मिटले.

“अरे, भोवतीचा गाळ खरवडून तालीवर टाकायचा, म्हणजे दगड जिथं हाय तिथंच उघडा पडतो. दगड उपटायचा कुणी सांगितलं तुला?”

“उपटू नको असंही कुणी सांगितलं न्हाई.”

मामंजी खुशीत हसले. पोरगं शिकलं होतं खरं.

“गाळ बसला किती?”

“चार बोटं.”

“आणि दगड वर आला किती?”

भाऊजींनी नजर ओढ्याकडं वळवली.

“म्या सांगतो. दोन वीत.”

“चार बोटं न् दोन वीत, त्यात काय एवढं, बाबा?” मामंजी म्हणाले. “पाणी देवाचं हाय.”

“देवाचं हाय, म्हणून तर तुझ्या रानात मुक्कामाला बसवलंयस!” बाबा कडाडले. मग एकदम दमल्यासारखे खाली बघत म्हणाले, “लई पाणी धरतूस, लई गाळ बसतो. रान वर चढतं. असंच चालू दे. एक साल असं येईल, पाणी तुझ्या दारावरनं जाईल आणि तुला रामराम बी घालणार न्हाई. मग पयला मान घे आणि चाटत बस.”

“तवाचं तवा बघू.” मामंजी म्हणाले.

ओढ्याचा आवाज बारीक झाला होता. माझ्या कानाला तो कळतो. खालच्या रानात वाढलेल्या पोरी पूर डोळ्यांनी बघत नाहीत, ऐकतात. आवाज बारीक झाला म्हणजे डोंगरातलं पाणी सरलं. आता ताल फुटली तर शेवटपर्यंत पोचेल. घटकाभरानं फुटली तर मधल्या तिघांतच जिरेल.

बाबांनी पुन्हा विचारलं. “दगड बुडाला का?”

“एक वीत…” भाऊजी म्हणाले.

मग बाबांनी काठी तालीवर ठेवली, धोतर खोचलं, आणि पाण्यात उतरले. दगडापाशी गेले. पाणी त्यांच्या गुडघ्याच्या वर लागत होतं.

आणि ते खाली बसले. मांडी घालून. त्या गढूळ पाण्यात. पाणी छातीवर आलं.

“बाबा! आवं, काय करताय!”

“पिराजी, पाणी किती झालं?”

“गुडघाभर!”

“खुळा का शाणा? छातीला लागतंय की माझ्या.”

“तुम्ही खाली बसलात म्हणून!” भाऊजी जवळजवळ ओरडलेच. “तुम्ही बसल्यानं पाणी वाढतंय व्हय?”

“आणि तू दगड उठवल्यानं घटतंय व्हय?”

…

वरच्या अंगानं एक बाभळीची फांदी वाहत आली आणि शेंदरी दगडाला अडकून राहिली.

भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण माणूस तीन वर्षं शिकलेला.

“चाल अशी हाय, बाबा, की दगड बघायचा. गोसावी बघायचा अशी चाल न्हाई.”

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्या बघण्यात. वीस वर्षं एकच गोष्ट सांगून कंटाळलेला माणूस जसा बघतो तसं.

“बरं,” ते म्हणाले. “मग मी बसतो. तुझा दगड बुडूस्तवर.”

“पाणी गार हाय, बाबा.” मामंजी चुळबुळले. “तुमचं वय काय… आमच्या रानात काही बरंवाईट झालं तर गाव काय म्हणंल?”

“म्हणंल, दगड बुडाला न्हाई, गोसावी बुडाला.”

मामंजींनी यांच्याकडे बघितलं. “तू बोल की रं. रान तुझ्या नावावर हाय.”

हे म्हणाले, “दादा म्हणतोय ते…” आणि पुढचं वाक्य तालीवरच्या गवतात शोधू लागले.

मी पाटी खाली उतरवली. पाटीचा आवाज झाला असावा, कारण बाबांनी मान वळवली.

“ही कोण?”

“सून,” मामंजी म्हणाले. “धाकट्याची.”

“शेवटच्या रानावरची ना? तुकारामाची लेक?”

“होती,” मामंजी घाईनं म्हणाले. “आता आमची.”

“न्हाई, म्हंजे बापाकडनं बोलायची असंल तर आधीच सांगा. परक्या रानाचं माणूस तालीवर उभं राहिलेलं मला चालत न्हाई.”

“परकी कशी?” मामंजींना राग आला. “नखापासून केसापर्यंत आमची! चूल आमची, उंबरा आमचा. कुंकू आमच्या घरचं. माहेराचं नाव सुटलं तिचं.”

“पिराजी, तू?”

“घरचीच की,” भाऊजी म्हणाले. “त्यात काय विचारायचं!”

“आणि तू रं? नवरा ना तिचा?”

यांनी माझ्याकडे बघितलं. बावीस दिवसांत पहिल्यांदा चारचौघांत बघितलं. “घरचीच हाय, बाबा,” हे म्हणाले, आणि तेवढं वाक्य मात्र पुरं केलं.

“हां,” बाबा म्हणाले.

आणि त्यांनी पाठ फिरवली. दात वाजत होते त्यांचे. ओढा आणखी बारीक झाला होता.

मला आईचं कुलूप आठवलं. पितळी होतं, आजीच्या वेळचं, किल्ली लागताना अडकायचं.

मग बाबांनी विचारलं. भाऊजींकडे न बघता, मामंजींकडे न बघता. समोरच्या पाण्याला विचारावं तसं.

“दगड बुडाला का?”

…

दगडाचं शेंदरी टाळकं वीतभर वर होतं. उन्हात चमकत होतं. आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

भाऊजींनी तोंड उघडलं.

“बुडाला,” मी म्हणाले. “खोरं कुठंय?”